प्रणवेशदा, कोंडाबाई असं म्हणाली नव्हती

प्रणवेशदा,

तुमच्या पत्नीचं, बौदींचं, पत्र बुधवारी माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. इंग्रजीत, सात-आठ ओळी. तुम्ही गेलात हे पहिल्या ओळीत होतं. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं की जाण्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही दोनदा विचारलंत, सोलापूरहून मल्लिकबाबूंचं काही आलं का?

काही आलं नव्हतं, कारण मी काही पाठवलंच नव्हतं. तुमचं पत्र अडीच महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. रोज मी कार्बन पेपर काढायला खण उघडत होतो, पत्र बघत होतो आणि खण लावून घेत होतो.

आता लिहितो आहे. तुम्ही असतात तरी हे तुम्हाला वाचता आलं नसतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. तुम्हाला मराठी येत नव्हती. आपल्या दोघांत जे वाईट घडलं ते त्यामुळेच घडू शकलं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या ऑफिसात तुम्ही आलात तेव्हा तुमच्या हातात वरून आलेलं परवानगीचं पत्र होतं आणि मानेवर ओला टॉवेल. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, मग माझ्याकडे बोट केलं. "हा आमचा टंकलेखक. हिंदी येतं, कानडी येतं, खेड्यातलं मराठी येतं. याला घेऊन जा." तुम्ही बाहेर गेल्यावर साहेब मला म्हणाले, "काय दाखवायचं आणि काय नाही, ते तुला सांगायला नको."

तुम्ही व्हरांड्यात उभे होतात. नाव विचारलंत. मी म्हणालो, मल्लिकार्जुन.

"बहुत लंबा नाम," तुम्ही हसलात. "हमारा देश में मल्लिक पदवी होता है, सरनेम. आप मल्लिकबाबू."

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी मल्लिकबाबू झालो. नऊ वर्षं नोकरी केलेल्या त्या ऑफिसात मला सगळे 'ए टायपिस्ट' म्हणत. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

वैरागच्या बाजूला पाझर तलावाचं काम चाललं होतं. हजारभर माणसं असतील. बायका मुरमाच्या खाणीतून पाट्या भरून बांधावर नेत होत्या, म्हातारे खडी फोडत बसले होते. मला वाटलं, हा माणूस कॅमेरा लावेल, संध्याकाळपर्यंत चार चित्रं घेईल आणि जाईल. तुम्ही पहिला दिवसभर कॅमेरा पेटीतून काढलाच नाहीत. एका म्हातारीच्या शेजारी बसून हातोडा घेतलात आणि खडी फोडायला लागलात. अर्ध्या तासात तळहाताला फोड आले. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला लाज वाटली. सरकारी पत्र घेऊन आलेला माणूस असा धुळीत बसलेला मी पाहिला नव्हता.

दुपारी लिंबाखाली डबा खाताना तुम्ही मला सांगितलंत की लहानपणी, बंगालच्या दुष्काळात, कलकत्त्याला तुमच्या दाराशी एक बाई यायची. भात मागायची नाही. भाताची पेज मागायची, तुम्ही गटारात ओतणार ती तरी द्या म्हणायची. तुमची आई रोज द्यायची. एके दिवशी ती पायरीवर पडलेली दिसली, हातात वाडगा तसाच. तुम्ही नऊ वर्षांचे होतात. "माँ ने बोला, मत देखो. मैंने देखा," तुम्ही म्हणालात. एवढंच. पुढे तुम्ही बंद पडलेल्या तागाच्या गिरणीवर फिल्म काढलीत, तेव्हा मालक म्हणाले हा कम्युनिस्ट, आणि युनियनचा पुढारी त्या फिल्ममध्ये जसा दिसला ते तुमच्याच पक्षाला आवडलं नाही, म्हणून पक्ष म्हणाला हा दलाल. धाकट्या भावाने तर बोलणंच टाकलं. लोक मरत असताना तू कॅमेरा घेऊन हिंडतोस, म्हणाला. तो घर सोडून गेला आणि पोलिसांच्या गोळीने एका गल्लीत मेला. तुम्ही तिथे पोहोचलात तेव्हा कॅमेरा तुमच्या हातात होता. तो तुम्ही जमिनीवर ठेवलात. "एक ही बार," तुम्ही म्हणालात, आणि भाकरीचा तुकडा मोडलात.

 असं कुणी मला आजवर काही सांगितलं नव्हतं. त्या तीन दिवसांत मी तुमच्या मागे हिंडलो आणि जे रोज माझ्या यंत्रावर आकडे होऊन उमटायचं, ते पहिल्यांदा माणसं म्हणून पाहिलं. याबद्दल तुमचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तुम्हाला कोंडाबाई भेटली.

तुम्ही येण्याच्या महिनाभर आधी त्याच कामावर मुरमाच्या खाणीची कड ढासळून तीन बाया मेल्या होत्या. त्यांतली एक कोंडाबाईची पोरगी, पारू. पंधरा वर्षांची. आई त्याच कामावर परत आली होती, दुसरं काम नव्हतं. तुम्हाला हे म्हाताऱ्यांकडून खाणाखुणांनी कळलं आणि तुम्ही तिच्यासमोर कॅमेरा लावलात. ती पाटी खाली ठेवून उभी राहिली. पदर सारखा केला नाही, डोळ्यांना लावला नाही. सरळ काचेकडे बघून बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली.

आमचा ओव्हरसियर ढवळे तुमच्या मागे वीस पावलांवर टोपी काढून घाम पुसत उभा होता. कोंडाबाईने त्याचं नाव चार वेळा घेतलं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. "वो औरत क्या बोलता है?"

मी ढवळेकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"बोलती है, अचानक मिट्टी गिरी," मी म्हणालो. "लड़की चली गई. भगवान की मर्ज़ी."

"इतना देर बोला, और इतना ही?"

"गाँव के लोग एक ही बात बार-बार बोलते हैं."

तुम्ही वहीत लिहून घेतलंत. मग पेन थांबवून विचारलंत, "एक शब्द चार बार बोला. ढवळे. ढवळे माने? हमारा भाषा में धबल, माने सफेद."

ते तुम्हीच मला दिलंत, प्रणवेशदा. मला सुचलं नसतं. मी फक्त मान हलवली. "हाँ. सफेद मिट्टी. इधर की मिट्टी सफेद है."

तुम्ही खाली वाकून चिमूटभर माती उचललीत. तिथली माती तांबूस होती. तुम्ही ती बोटांत चोळलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि वही मिटलीत. तुम्हाला शंका आली होती का? पुढे पुन्हा भेटलो, पण हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

फिल्म झाली. कलकत्त्यात गाजली. तुम्ही मला इंग्रजी पेपरचं कात्रण पाठवलंत. त्यात कुणीतरी लिहिलं होतं की पांढऱ्या मातीने आईच्या डोळ्यांदेखत पोर गिळली, हे निवेदनातलं वाक्य ऐकून प्रेक्षागृहात लोक रडले. एक प्रत परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवाला गेली. कात्रणाच्या कडेला तुम्ही लिहिलं होतं, "हे तुमचं वाक्य आहे, मल्लिकबाबू." मी ते कात्रण घडी करून ठेवलं, फाडलं नाही. खोटं सांगत नाही, मला थोडं बरंही वाटलं होतं.

ज्यांच्यावर फिल्म काढली त्यांना ती दाखवायचीच, हा तुमचा नेम. म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही प्रोजेक्टर घेऊन परत आलात. दिवेलागणीला तलावाखालच्या गावात शाळेच्या भिंतीवर पांढरा पडदा बांधला. सगळं गाव जमलं. कोंडाबाई पुढे बायकांत बसली होती. निवेदन बंगालीत होतं, म्हणून तुम्ही मला इंग्रजी कागद दिलेत आणि म्हणालात, वाक्यावाक्याला मराठीत सांगत जा.

मी दोन दिवस आजारी पडायचं ठरवत होतो. पडलो नाही.

तिचा चेहरा भिंतीवर आला तेव्हा बायकांत कुजबुज झाली. पडद्यावर तिचे ओठ हलत होते, तिचा आवाज खाली दबलेला होता आणि त्याच्यावर तुमचा खर्जातला बंगाली आवाज. मी कागदावरचं वाचलं. "माती अचानक कोसळली. पांढऱ्या मातीनं माझी पोर गिळली. देवाची मर्जी."

कोंडाबाई उभी राहिली. तिची सावली पडद्यावरच्या तिच्याच तोंडावर पडली.

"आसं कुटं म्हनले मी?"

बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"माती पांढरी कशानं आसंल? तितं पांढरी माती हाय व्हय? ढवळेसायब म्हनले मी. सायबाचं नाव घ्येतलंय. आन् देवाचं नाव तर घ्येतलंच न्हाय."

तुम्ही प्रोजेक्टर बंद केलात. शाळेतला दिवा कुणीतरी लावला. तुम्ही मला विचारलंत, "वो क्या बोलता है?" अगदी त्याच स्वरात, पहिल्या वेळेसारखं. पण या वेळी गावचे मास्तर शेजारी उभे होते, त्यांना हिंदी येत होतं. मास्तर नसते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मी हिंदीत म्हणालो, "तिला परत सगळं सांगू द्या. मी सांगतो."

तुम्ही टेपरेकॉर्डर लावलात. ती बोलायला लागली.

"आदल्या दिशी सांजच्याला मी ढवळेसायबाला भेग दावली. हात घालून दावली, मनगटापत्तुर हात जात हुता."

आणि थांबली. मी हिंदीत सांगेपर्यंत थांबली. असं थांबायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हिंदीत 'ढवळेसाहब' हा शब्द आला का, हे ती माझ्या तोंडाकडे बघून ऐकत होती. आला, तेव्हा पुढे बोलली.

"ढवळेसायब म्हनले, तू इंजनेर हाईस व्हय? काम करायचं तर कर, न्हायतर घरला जा. घरला काय हुतं? दुसऱ्या दिशी त्याच जागी उतरवलं आमाला. मी पारूला म्हनले, तू वर ऱ्हा, वरनं पाट्या घे. तर ढवळेसायब म्हनले, वर बाया लई झाल्यात, पोरीला खाली धाड. धाडली. मीच धाडली."

ती थांबली. मी सांगितलं.

"आन् आमी सावलीला बसलो न्हवतो. कागदात तसं लिवलंय म्हनं. सावली कुटं हुती तितं? भरल्याली पाटी हुती पारूच्या डोक्यावर. पाटीसकट काढली."

तुमचा चेहरा मी पाहिला नाही. मी टेपची फिरती चाकं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात माझ्या घरी तुम्ही जेवायला बसलात, ते अव्वाने, माझ्या आईने, हाताला धरून बसवलं म्हणून. तुमची दोघांची एक भाषा नव्हती. तरी ती तुमच्याशी कानडीतच बोलायची. "ऊटा माडप्पा," जेव बाबा, म्हणून तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. तुम्ही हात लावला नाहीत.

"क्यों?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही रात्रीच्या गाडीने जाता," मी हिंदीत म्हणालो. "कोंडाबाई तिथेच राहते. ढवळेची माणसं गावात आहेत. रोजगार त्याच्या हातात आहे. मी तिला वाचवलं."

"आपने पूछा उसको? बचाना है क्या, पूछा?"

"ती अडाणी बाई. तिला कॅमेरा म्हणजे काय ते कळत नाही."

तेव्हा तुम्ही चिडलात. मी तुम्हाला चिडलेलं तेवढंच पाहिलं. "उसको मालूम था. उसने आदमी का नाम चार बार लिया, वो आदमी सामने खड़ा था. आपसे ज़्यादा मालूम था."

मी म्हणालो, "तुमचं काय जातं? तुमची फिल्म होते. कात्रणं येतात."

तुम्ही ताट पुढे ओढलंत. मग म्हणालात, "ये बात ठीक है. ये बात मैं भी सोचता हूँ." आणि भाकरी खाल्लीत. तो वाद तिथे संपला नाही, फक्त थांबला. अजूनही मला वाटतं की मी म्हणालो ते अर्धं खरं होतं. पुढे जे झालं त्यावरून तर वाटतंच. पण माझ्याजवळ आणखी एक कारण होतं. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही.

तुम्ही कलकत्त्याला जाऊन फिल्म पुन्हा कापलीत. निवेदन काढून टाकलंत. कोंडाबाईचा आवाज जसा घेतला होता तसा ठेवलात आणि मला लिहिलंत, शब्दन् शब्द इंग्रजी करून पाठवा. मी पाठवला. एकही शब्द बदलला नाही. त्याच पत्रात तुम्ही विचारलं होतं, अपघाताचा सरकारी अहवाल मिळेल का? सावलीत बसल्या होत्या असं लिहिलेला? तो कागद पडद्यावर दाखवायचा आहे.

मी उत्तर दिलं, फाईल गहाळ झाली आहे.

प्रणवेशदा, फाईल माझ्या खुर्चीमागच्या रॅकवर होती. आणि तो अहवाल मी टाइप केला होता.

"सदर महिला मजूर विश्रांतीच्या वेळेत, वारंवार सूचना देऊनही, सावलीकरिता खाणीत बसल्या असता." हे वाक्य साहेबांनी सांगितलं, ढवळे शेजारी उभा होता, आणि मी तीन प्रतींत टाइप केलं. फाईलमध्ये कामावरच्या मिस्त्रीची एक चिठ्ठी टाचलेली होती, अपघाताच्या आदल्या दिवसाची. 'खाणीची पश्चिमेची कड फाटली आहे, काम थांबवू का?' खाली ढवळेच्या अक्षरात, 'काम चालू ठेवा.' साहेब म्हणाले, ती काढून टाक. मी टाचणी काढली. चिठ्ठी फेकून द्यायला हवी होती, फेकली नाही. घरी नेऊन जुन्या पंचांगात ठेवली. का ठेवली, सांगता येत नाही. हिंमत म्हणून नक्कीच नाही.

तुम्ही कोंडाबाईसमोर कॅमेरा लावलात तेव्हा तिच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य मला आधीपासून माहीत होतं. मी तिला वाचवत नव्हतो.

नवी फिल्म मुंबईत आणि दिल्लीत दाखवली गेली. वरून विचारणा झाली. ढवळेची बदली झाली आणि दीड वर्षात तो बढती घेऊन परत आला. कोंडाबाईचं नाव कामावरून काढलं. गावातल्या ज्यांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर त्या कामावर होते, त्यांनी तिच्या घराशी व्यवहार तोडला. नवरा, नामदेव, म्हणाला, तू तोंड उघडलंस म्हणून हे झालं. त्याने तिला मारलं आणि एक दिवस माढ्याकडे भावाच्या घरी निघून गेला. ती सोलापूरला आली. पूर्व भागात एका तेलुगू विणकराच्या घरामागे खोली घेऊन त्या घरातल्या बाईकडून विड्या वळायला शिकली.

हे मी तुम्हाला कळवलं होतं, जरा जास्तच तपशिलाने. बघा, मी म्हणालो होतो ना, असा माझा सूर होता. तुमचं उत्तर आलं, दोन ओळींचं. "तिला भेटायला येतो. तिने शिव्या दिल्या तर ऐकून घेईन."

यायच्या आधी आणीबाणी आली. तुम्हाला घरातून नेलं. फिल्मच्या प्रती आणि मूळ निगेटिव्हचे डबे पोलीस घेऊन गेले. आमच्या ऑफिसात एक साध्या पोशाखातला माणूस आला आणि साहेबांसमोर मला विचारलं, या बंगाल्याशी तुमचा काय संबंध? मी म्हणालो, ऑफिसच्या हुकुमावरून तीन दिवस दुभाषा म्हणून गेलो होतो. तुम्ही तुरुंगात होतात ते सगळे महिने मी तुम्हाला एक पोस्टकार्ड टाकलं नाही. अव्वा विचारायची, तुझा बंगाली कुठे आहे? मी म्हणायचो, कामात आहे.

तुम्ही सुटून आलात ते छातीचं दुखणं घेऊन. बौदींनी आता लिहिलंय की आत तुम्हाला ओल्या फरशीवर झोपवायचे आणि औषध मागितलं की उद्या म्हणायचे. तुम्ही मात्र तुमच्या त्या शेवटच्या पत्रात दुखण्याबद्दल अर्धी ओळही लिहिली नव्हती. लिहिलं होतं ते डब्यांबद्दल. डबे परत मिळत नाहीत. कुणी म्हणतं हरवले, कुणी म्हणतं जाळले. तिच्या आवाजाची टेपही त्यांच्यातच गेली. परदेशात गेलेली पहिली प्रत तेवढी शिल्लक आहे. "म्हणजे मल्लिकबाबू, आपली पांढरी मातीच राहिली." पुढे लिहिलं होतं, "कोंडाबाई तयार असेल तर पुन्हा येतो. कॅमेरा मागून आणीन. या वेळी तो अहवाल शोधून ठेवा. शोधला तर तुम्हाला सापडेल असं मला वाटतं."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! तुम्हाला माहीत होतं का? माहीत असूनही तुम्ही मला वाट देत होतात का? की ते फक्त एका मित्रावर टाकलेलं काम होतं? मला उत्तर द्यायचं होतं ते याचंच. अडीच महिने मला सुरुवात सापडली नाही, आणि बुधवारी बौदींचं पत्र आलं.

गुरुवारी मी रजा टाकून कोंडाबाईकडे गेलो. ती सुपात पानं घेऊन बसली होती, कात्रीने कापत होती. केस सगळे पांढरे झालेत. मी म्हणालो, फिल्म काढायला आलेला बंगाली वारला.

कात्री थांबली नाही. "कशानं?"

"छातीचं दुखणं होतं. तुरुंगात वाढलं."

"लेकरं हायती?"

"एक मुलगी आहे."

ती काही वेळ पानं कापत राहिली. मग म्हणाली, "त्येला आपली बोली येत न्हवती. पर ऐकायचा. मान हालवायचा न्हाय उगंच, नुस्ता ऐकायचा."

"त्याच्यामुळे तुमचं घर मोडलं," मी म्हणालो. इतक्या वर्षांनीही मला तुमच्याशी वाद जिंकायचा होता, प्रणवेशदा, आणि तोसुद्धा तिच्याकडून.

"घर पारू ग्येली तवाच मोडलं. त्येनं काय मोडलं?"

मग मी तिला सांगितलं. फाईल, चिठ्ठी, सावलीचं वाक्य. मीच ते टाइप केलं हे सांगितलं. तेव्हा तिने कात्री सुपात ठेवली.

"तुमी लिवलं त्ये?"

"हो."

"तुमाला सावली कुटं दिसली?"

 शेजारच्या खोलीत मागाचा खटखटाट चालू होता. तिने शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती, तुमच्यासारखी. तिने दिली नाही.

"बंगाल्याला सांगितलंसा का ह्ये?"

"नाही."

"आन् आता मला सांगताय. मला सांगून काय उपेग? मला ठावं हाय की काय झालं त्ये. ज्येला ठावं न्हाय त्येला सांगा." कात्री उचलून ती पुन्हा कामाला लागली. "जावा."

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात माझ्या यंत्रावर बसून पत्र टाइप केलं. अहवाल कुणी सांगितला, कुणी उभं राहून ऐकला, कुणी टाइप केला, चिठ्ठी कुणी काढली. जिल्ह्याच्या साहेबांना एक प्रत, चिठ्ठीच्या नकलेसह. अस्सल चिठ्ठी मी माझ्याकडे ठेवली आहे आणि तिची एक नक्कल बौदींना पाठवली आहे. आमच्या ऑफिसच्या आवक टेबलावरच्या कारकुनाने पत्र उलटून पाहिलं आणि रजिस्टर उघडलं.

"विषय लिहिला नाहीस रे. विषय काय टाकू?"

मी त्याला सांगितलं आणि त्याने लिहिला. लिहून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, पण शिक्का मारला आणि पोच दिली.

दुपारी साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. "वेड लागलंय का तुला? घरी म्हातारी आई आहे. हे मागे घे. मी पत्र वर जाऊ देत नाही." मी म्हणालो, पोच घेतली आहे. साहेबांनी पत्र टेबलावर टाकलं. मग म्हणाले, "तो बंगाली मेला ना? मग आता कशासाठी?" मी पोच खिशात घातली आणि बाहेर आलो. सोमवारी निलंबनाचा हुकूम हातात पडला. टाइप दुसऱ्या कुणीतरी केला होता, दोन चुका होत्या.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. ढवळेवर काही होईल असं वाटत नाही. कदाचित माझ्यावरच ठेवतील सगळं, आणि काही अंशी ते बरोबरही असेल. तुमची फिल्म परत यायची नाही. परदेशातल्या कुठल्याशा थंड खोलीत कोंडाबाईचे ओठ हलत राहतील आणि वरून माझं खोटं तुमच्या आवाजात ऐकू येत राहील. त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. बौदींना मी लिहिलं आहे की त्या प्रतीसोबत एक कागद ठेवता येतो का ते विचारा.

अव्वाला तुम्ही गेल्याचं सांगितलं. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मग आत येऊन म्हणाली, त्या दिवशी त्याने दोनच भाकरी खाल्ल्या होत्या.

काल संध्याकाळी मी पुन्हा कोंडाबाईकडे गेलो. मला बघून ती उठली नाही, बस म्हणाली नाही. मी पोचपावती खिशातून काढून तिच्यापुढे धरली.

"काय लिवलंय?" तिने विचारलं. "मला येतंय व्हय वाचाया?"

मी उभ्यानेच वाचलं. "विषय: कै. पार्वती नामदेव काळे, वय पंधरा, काम करीत असताना खाणीत झालेला मृत्यू. ओव्हरसियर श्री. ढवळे यांनी धोक्याची सूचना मिळूनही काम चालू ठेवल्याबाबत."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.